बाद फॉर्म

"हा तुझाच आहे ना गं?"

मी फॉर्म अयोध्याच्या नाकासमोर धरला. ती कॉटवर मांडी घालून गणितं सोडवत बसली होती. तिनं मान वर केली, फॉर्मकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

"त्याच्यावर नाव लिहायचं नसतं ना? मंग तुला कसं कळलं?"

"जांभळ्या शाईनं अख्ख्या हॉस्टेलात तूच लिहितेस."

हे खरं होतं. तिच्या गावच्या दुकानात कधीकाळी जांभळ्या रिफिलींचा एक खोका येऊन पडला होता आणि कुणी घेईना, म्हणून पिठाची गिरणी चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी तो अख्खा उचलून लेकीला दिला होता. एम.एस्सी. गणिताचं दुसरं वर्ष आलं तरी तो खोका संपत नव्हता.

"हे काय करून ठेवलंस? वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा एकाच रकान्यात! पट्टी लावून मारल्यास की काय?"

"पट्टी नाही लावली. वाचून केल्यात."

"वाचून केल्या असत्या तर एखादी तरी इकडं तिकडं गेली असती."

"कामून जाईल? सगळी वाक्यं एकच तर विचारायलीत."

"शहाणीच आहेस. पाटोदेकर सरांनी बनवलाय तो फॉर्म."

ती वहीचं पान उलटून पुढचं गणित करू लागली. पाटोदेकर सरांचं नाव घेतलं की वाद मिटायचा, निदान मी तरी तसंच समजायचे.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याबद्दल किती माहिती आहे, किती जाणीव आहे, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय. विषय सरांनी दिलेला, फॉर्म सरांचा, आणि दारोदार हिंडून तो भरून आणायचं काम माझं. फॉर्म दोन पानांचा. पहिल्या पानावर एकोणीस प्रश्न 'बरोबर की चूक' अशा थाटाचे: मानसिक आजार बाहेरच्या बाधेनं होतो, मानसिक आजारावर उपचार आहेत, असे. विसावा प्रश्न जरा वेगळा: तुम्हाला मानसिक त्रास झाला तर सगळ्यात आधी कुणाला सांगाल? खाली पाच चौकोन होते: आईवडील, शिक्षक, डॉक्टर, मित्र किंवा मैत्रीण, कुणालाच नाही. दुसऱ्या पानावर पंधरा विधानं. मला झोप लागत नाही. मला कशातच रस वाटत नाही. मी कुणाच्याच कामाची नाही असं वाटतं. प्रत्येकापुढे चार रकाने: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी.

अयोध्याच्या पंधराच्या पंधरा जांभळ्या खुणा 'नेहमी'च्या रकान्यात होत्या.

असल्या फॉर्मबद्दल सरांचा नियम पक्का होता. विभागात पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "कंटाळलेला विद्यार्थी न वाचता सरळ रेघ ओढतो. रेघ दिसली की फॉर्म बाद. वाचत बसू नका." आम्हीही वाचत बसत नव्हतो. गठ्ठा हातात घ्यायचा, दुसरं पान उघडायचं, रेघ सरळ दिसली की बाजूला. मी दोनशे दहा फॉर्म आणले होते, त्यातले अकरा सरळ रेघेचे निघाले. उरले एकशे नव्व्याण्णव. सरांना दोनशे हवे होते, आणि तेही शनिवारी. दहा ऑक्टोबरला विद्यापीठात मानसिक आरोग्य दिन होता, त्यात सर हे आकडे कुलगुरूंसमोर मांडणार होते. आणि मला त्यांनी शब्द दिला होता, काम वेळेत झालं तर जूनपासून विभागात तासिका तत्त्वावर घेऊ. माझ्या घरी पाठच्या दोन बहिणी होत्या. जूनला नोकरी नाही तर मांडव, हे आईनं आधीच बजावून ठेवलं होतं. एका फॉर्मावाचून माझं सगळं अडलं होतं.

"अगं, एकच कमी पडतोय," मी म्हटलं. "नवा कोरा देते. नीट भर, माझी आई."

"नीट म्हंजे?"

"म्हणजे जरा विचार करून. माणूस काय पंधराच्या पंधरा वेळा 'नेहमी' असतो का?"

अयोध्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आठवते म्हणावं तर ते खोटं होईल. मी तेव्हा नव्या फॉर्मला स्टेपलरची पिन मारत होते.

"किती इकडं, किती तिकडं पाहिजेत?" तिनं विचारलं.

"तुला वाटेल तसं गं."

"पहिलं पानबी पुन्हा भरू?"

"हो, अख्खा फॉर्म. जुन्यातलं आता काही चालत नाही."

तिनं गणिताच्या पुस्तकावर फॉर्म ठेवला आणि दहा मिनिटांत भरून दिला. खुणा छान विखुरलेल्या होत्या. कधी कधी, कधीच नाही, बरेचदा, पुन्हा कधी कधी.

"आता बरं दिसायलंय का?"

"आता एकदम बरं."

मी त्यावर दोनशे आकडा टाकला. मग त्याच हुरुपात निष्कर्षाचा कच्चा मसुदा लिहायला घेतला. कोरा कागद शोधायचा कंटाळा, म्हणून अयोध्याचा जुना फॉर्म उलटा केला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खरडला. बाकीचे दहा बाद फॉर्म अयोध्यानं मागून घेतले. मागून कोरे होते, कच्ची गणितं करायला बरे. कागद वाया घालवणं तिला पटत नसे.

आम्ही एका खोलीत सव्वा वर्ष राहत होतो. तिला लक्षणं कोणती होती असं आज कुणी विचारलं तर मी तारीखवार सांगू शकते. मेसमधली तिची भाकरी ती माझ्या ताटात सरकवायची आणि मी खायचे. पहाटे केव्हाही जाग आली तर ती उठून बसलेलीच असायची. रविवारी केस धुवायची तिची कोण हौस, ती गेली. दोन-दोन आठवडे वेणी तशीच. मी म्हणायचे, "अयोध्या, किती पारोशी राहशील?" आणि ती हसायची. गणिताच्या सरांनी तिला नेट परीक्षेच्या वर्गाला बोलावलं होतं, तिकडे जायचंही तिनं सोडलं. 'नैराश्याची लक्षणे सविस्तर लिहा' हा सोळा गुणांचा प्रश्न मला तोंडपाठ होता. लक्षणं समोरच्या कॉटवर बसलेली असायची आणि मी भिंतीकडे तोंड करून ती घोकायचे.

दहा ऑक्टोबरला सभागृह भरलं होतं. भरलं होतं म्हणजे भरवलं होतं. हजेरी सक्तीची होती. भाषणांच्या आधी प्रश्नमंजूषा ठेवलेली, आणि मुलींच्या हॉस्टेलचं नाव राहावं म्हणून रेक्टर बाईंनी चार जणींना मंचावर ढकललं. त्यात अयोध्या होती.

पाटोदेकर सरांनी विचारलं, "नैराश्याची कोणतीही पाच लक्षणं सांगा."

आमच्या विभागातली मुलगी तीनवर अडकली. अयोध्यानं माइक घेतला आणि एका दमात सांगायला सुरुवात केली. झोप न लागणं. भूक जाणं. आवडीच्या गोष्टीतून मन उठणं. पाच झाली तरी ती थांबेना. आठ, नऊ. शेवटी सरांनीच हात वर करून तिला थांबवलं.

"बघा!" सर म्हणाले. "मानसशास्त्राच्या मुलींना जे आलं नाही, ते गणिताच्या मुलीनं सांगितलं! याला म्हणतात जाणीव."

सभागृहात टाळ्या पडल्या, हशा झाला. तिला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. मी टाळ्या वाजवत होते आणि आतून जळत होते, हेही सांगून टाकते. घोकलेलं माझं आणि डबा तिला.

मग सरांनी पडद्यावर आमचे आकडे दाखवले. दोनशे विद्यार्थी. ज्ञानाची पातळी समाधानकारक. तीव्र मानसिक त्रास असलेले विद्यार्थी, शून्य टक्के. कुलगुरूंनी मान डोलावली आणि विद्यापीठाचं वातावरण किती निरोगी आहे यावर पंधरा मिनिटं बोलले.

बाहेर चहाच्या टेबलापाशी अयोध्या डबा काखेत धरून उभी होती.

"शून्य कसं आलं गं?" तिनं विचारलं.

"आलं म्हणजे आलं. दोनशे फॉर्म मोजलेत."

"ते बाद केलेले धरले असते तर?"

"ते धरत नसतात."

"हां," ती म्हणाली. "धरलेच नाहीत तर शून्यच येणार."

गणितवाल्यांना असली खोड असते असं म्हणून मी तो विषय सोडून दिला. सर मला कुलगुरूंकडे ओळख करून द्यायला बोलावत होते. मी चहाचा कप तिच्याच हातात देऊन गेले.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी निघाली तेव्हा मी स्टँडवर पोचवायला गेले. गंगाखेडची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून तिनं पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला.

"हा तुला राहू दे."

"अगं, बक्षिसाचा आहे. घरी दाखव की."

"दाखवून काय करू? तुला जूनपासून डबा न्यावा लागंल ना, विभागात."

कंडक्टरनं बेल मारली. मी डबा घेतला. माणूस आपल्या आवडत्या वस्तू वाटायला लागला तर सावध व्हावं, हे आमच्या पुस्तकात चौकट करून छापलेलं होतं. मला वाटलं, किती चांगली मैत्रीण आहे.

सुट्टी संपून मी परतले तेव्हा रेक्टर बाईंनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अयोध्यानं गावी जीव दिला होता. बाई रडत होत्या. मला रडू आलं नाही. मला फक्त एवढंच सुचलं, की तिचा दोनशे नंबरचा फॉर्म चांगला होता. तेच मी म्हटलंही. "मॅडम, तिचा फॉर्म नॉर्मल होता." बाईंनी माझ्याकडे कशा नजरेनं पाहिलं ते मात्र मला पक्कं आठवतं.

चार दिवसांनी तिचे वडील पेटी न्यायला आले. भरदुपारी, एकटेच. कानाच्या पाळीमागे पिठाची पांढरी रेघ तशीच होती. दुखवट्यातसुद्धा गिरणी चालू ठेवावी लागली असेल. ते अयोध्याच्या कॉटवर बसले नाहीत. खाली फरशीवर बसले.

"तूच कल्पना का?"

"हो, काका."

"अयोध्या सांगायची. म्हणायची, बापू, माझी मैत्रीण डोक्याच्या इलाजाचं शिकायलीय."

मी पेटीत तिचे कपडे घालत होते. मला घड्या जमेनात.

"लेकरा, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुला तर समदं कळतं ह्यातलं. एका खोलीत ऱ्हात व्हतात. तुला काय दिसलं न्हाई का गं?"

मला तेव्हा माहीत होतं का? होतं. पूर्ण नाही, शब्दांत नाही, पण होतं. मी म्हटलं, "नाही काका. ती चांगली होती. मला काहीच दिसलं नाही."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क जरासा निवांतपणा आला.

"बरं झालं बाई सांगितलंस. तिची माय दिवसरात्र एकच म्हनायलीय, बाप असून तुमाला कसं दिसलं न्हाई. आता सांगतो तिला. इतक्या शिकलेल्या पोरीलाबी दिसलं न्हाई, मंग आपल्यासारख्या अडाण्याला काय दिसणार."

मी पुस्तकं पेटीत घालायला घेतली. माझ्या एका खोट्यावर त्या माणसाचा उरलेला संसार उभा राहत होता, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मला फक्त भीती वाटली होती.

पुस्तकांच्या खाली कच्च्या गणितांचे कागद होते. मी ते बाजूला टाकले. त्यांनी हात पुढे केला.

"ते कामून टाकायलीस? तिचंच अक्षर हाय ना?"

"हो, पण कच्चं काम आहे काका."

त्यांनी कागद उलटे करून पाहिले. छापील वाक्यं, चार रकाने, आणि उभ्या ओळीत मारलेल्या खुणा, कुणाच्या निळ्या, कुणाच्या काळ्या.

"आन् हे काय हाय?"

"ते बाद कागद आहेत. काही कामाचे नाहीत."

"असू दे. मागं तिचं अक्षर हाय." त्यांनी ते सगळे कागद चौघडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले.

मी लघुप्रबंध वेळेत दिला. त्याला विभागात पहिला क्रमांक मिळाला. जूनपासून मी तासिका तत्त्वावर लागले, सहा वर्षांनी कायम झाले. पाटोदेकर सर मानानं निवृत्त झाले. मी आज त्याच विभागात संशोधनपद्धती शिकवते. शिकवायला लागल्यावर कधीतरी दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, फळ्यावर प्रश्नावली कशी बनवावी ते लिहिताना माझा खडू थांबला. अशा फॉर्ममध्ये काही विधानं उलट्या बाजूची घालावी लागतात. 'मला झोप लागत नाही' यासोबत कुठंतरी 'मला सकाळी ताजंतवानं वाटतं' हेही हवं. तसं असलं तरच न वाचता मारलेली रेघ पकडता येते. आमच्या फॉर्ममध्ये पंधराही विधानं एकाच बाजूची होती. ज्याला सगळंच होत होतं, त्यानं नीट वाचून, प्रामाणिकपणे भरलं असतं तर रेघ सरळच येणार होती. अयोध्यानं मला हे तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी तिला सरांचं नाव घेऊन गप्प केलं होतं.

म्हणजे आम्ही कंटाळलेले विद्यार्थी बाद करत नव्हतो. जे खरोखर बुडत होते, त्यांनाच आम्ही नियमानं बाजूला काढत होतो आणि मग शून्य टक्के म्हणून टाळ्या घेत होतो. उरलेल्या दहांतले किती 'नेहमी'च्या रकान्यात होते, हे मला आठवत नाही. मी पाहिलंच नव्हतं. रेघ सरळ आहे एवढंच पाहिलं होतं. ते कागद आता गंगाखेडजवळच्या एका गावात, एका घरात लेकीचं अक्षर म्हणून जपलेले असतील. ती दहा मुलंमुली कोण होती आणि पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायला मी कुणाकडे जाऊ?

निवृत्त झालेल्या सरांना मी एकदा फोनवर हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कल्पना, तेव्हा साधनं नव्हती आपल्याकडे." दोन ओळी जास्त छापायला कसली साधनं लागतात ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी विभाग नव्या इमारतीत हलला. जुने गठ्ठे रद्दीत जाणार होते. माझा गठ्ठा मी स्वतः सोडला. सगळ्यात वर माझा तो कच्चा मसुदा होता. 'एकंदरीत विद्यार्थ्यांमधील मानसिक आरोग्यविषयक जाणीव समाधानकारक असून...' माझंच वळणदार अक्षर. मी पानं उलटली. जांभळी रेघ अजून फिकी पडली नव्हती. तिला जोडलेलं पहिलं पानही होतं. एकोणीस प्रश्न, एकोणीस बरोबर. विसावा प्रश्न: त्रास झाला तर सगळ्यात आधी कुणाला सांगाल? जांभळी खूण 'मित्र किंवा मैत्रीण'वर होती.

मग मी गठ्ठ्याच्या तळातून दोनशे नंबरचा काढला. जो मी तिच्याकडून नीट भरून घेतला होता, जो प्रबंधात धरला आहे. विसाव्या प्रश्नावर तीच शाई, तीच खूण, पण एक चौकोन खाली.

कुणालाच नाही.